पाहणीच्या आदल्या दिवशी

१९ मार्च. सकाळपासून शाळेची फरशी घासते आहे. हातात काथ्या, बादलीत सोडा, गुडघ्याखाली पोत्याची घडी. बादलीतलं पाणी माझ्या घरचं, कारण शाळेच्या टाकीत पाणी नसतं. उद्या पाहणी आहे. समिती येणार, आमची शाळा बघणार, मग सडक ओलांडून मोठ्या गावातली शाळा बघणार, आणि यंदाच्या तीन खोल्या दोघींपैकी कुणाला द्यायच्या ते ठरवणार. मिळतील त्या एकीलाच, असं आधीच कळवलंय. मार्च संपायच्या आत पैसा लावला नाही तर तो परत जातो, म्हणून एवढी घाई.

खोल्या आम्हाला मिळाल्या नाहीत तर जूनपासून चौथी आणि पाचवी मोठ्या गावात हलवणार. म्हणजे माझी नात ईश्वरी, जी आता तिसरीत आहे, रोज दोनदा ती जळगावची सडक ओलांडणार. मागच्या पावसाळ्यात त्याच सडकेच्या वळणावर आमचा दूधवाला ट्रकखाली आला. माणूस वाचला, पाय गेला. मी घाबरट बाई नाही. पिठाची गिरणी चालवते, पट्टा तुटला तर स्वतः बसवते. पण त्या सडकेचं मी मनावर घेतलंय. शाळेच्या व्यवस्थापन समितीत नाव घातलं तेही त्यासाठीच.

ही शाळा कुणाची, हेच पक्कं होत नाही. बांधली जिल्हा परिषदेनं. पुढं शहर वाढत वाढत हर्सूल ओलांडून आमच्या वाडीपर्यंत आलं आणि वाडी महापालिकेत गेली. शाळा मात्र गेली की राहिली, ते कागदावर अजून व्हायचंय. तिकडं विचारलं तर म्हणतात, तुम्ही आता शहरात. इकडं विचारलं तर म्हणतात, शाळा अजून आमच्याकडं आलेली नाही. मास्तरांचा पगार एकीकडून येतो, खडू-फळ्याचं अनुदान पटावरच्या डोक्यांप्रमाणं येतं, आणि छताला कुणीच वाली नाही. माझ्या घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कर म्हणून वेगळी ओळ असते. ती मी दरवर्षी भरते आणि दरवर्षी विचारते, हे कुठं जातं? वसुलीवाला हसतो. त्याच्या हसण्यावर माझा विश्वास नाही.

घासता घासता जुन्या खोलीत आले. बाकी इमारत नंतरची, ही एकच खोली माझ्या लहानपणची, दगडी. फरशीला पाणी लागलं आणि दगडांतून मेंढरांचा वास आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, थोडासा आंबूस. मी थांबून हुंगलं.

"काय झालं, आक्का?" शेख मॅडमनी दारातून विचारलं. या आमच्या मुख्याध्यापिका, सिल्लोडच्या. रोज एस्टीनं येतात.

"मेंढरांचा वास येतोय."

"मला तर फिनेलचाच येतोय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून दुसरी बादली आणायला गेल्या.

त्यांना कसा येणार? आमची वाडी धनगरांची. तेव्हा इथं घरं कमी आणि मेंढवाडे जास्त होते. संध्याकाळी मेंढरं परत आली की वाडीवर धूळ उठायची आणि त्या धुळीतून कोकरांचा आवाज यायचा, प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रत्येक मेंढीला आपलं कोकरू आवाजावरून कळायचं. बाया दारात बसून टकळीवर सूत काढायच्या. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायचे दिवस आले की सगळ्या गल्लीला उकडलेल्या चिंचोक्यांचा वास सुटायचा. गोड नाही, आंबट नाही, मध्येच कुठंतरी अडकलेला. आता ज्या जागेवर कार धुवायचं सेंटर आहे तिथं ती घोंगडी ताणून वाळत घालायचे. काळ्या घोंगडीवर ऊन पडलं की ती निळसर दिसायची. असा रंग मी पुन्हा कशात पाहिला नाही.

शाळेत घड्याळ नव्हतं. वारा तिकडचा असला की हर्सूल जेलचा टोला ऐकू यायचा आणि गुरुजी त्या टोल्यावर शाळा सोडायचे. वारा फिरला की शाळा लांबायची. आम्ही पोरं वाऱ्याकडं लक्ष ठेवून असायचो. बसायला प्रत्येकानं आपली गोणी आणायची. माझ्या गोणीला सरकीचा वास होता, शेजारणीच्या गोणीला कांद्याचा. दिवाळीनंतर निम्मी शाळा गायब व्हायची, कारण बाप मेंढरं घेऊन गंगापूरकडं, गोदावरीच्या काठाला उतरायचे आणि पोरं त्यांच्यामागं जायची. पट कागदावर भरलेला, खोली रिकामी. तपासणीला पाहुणे येणार असले तर घोड्यावरून निरोप जायचा आणि पोरं एका दिवसासाठी परत आणली जायची, उन्हानं काळी झालेली, केसांत कुसळं अडकलेली.

साडेदहाच्या सुमारास दाराशी टेम्पो वाजला.

बाहेर येऊन बघते तर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांना पांढरे झगे, हिरव्या कापडाचे तागे, गालिचा आणि थंड पाण्याचे जार. टेम्पोवाला खाली उतरून दोरी सोडायला लागला.

"हे कुणी मागवलं?" मी विचारलं.

"नानांनी धाडलंय, आक्का. उद्यापुरतं. परवा सकाळी घेऊन जातो."

नाना म्हणजे मोठ्या गावच्या पाटलांचा धाकटा मुलगा. प्लॉट पाडतो, विकतो, निवडणुकीचं वारं आलं की आमच्याकडं हळदीकुंकवाला साड्या वाटतो. तो मोठ्या गावचा. त्याच्या गावची शाळा आमच्यासमोर उभी, खोल्या एकीलाच मिळणार, आणि हा आम्हाला खुर्च्या धाडतो?

"का धाडलंय?"

"आता ते मला काय ठाऊक? म्हणले, मोठ्या गावानं सगळं सजवलंय, वाडी मागं पडायला नको. वाडीची बी इज्जत हाय."

शेख मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच मागच्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीत छताच्या सळया दिसतात आणि पाऊस नसतानाही पोपडे पडतात, म्हणून ती बंदच असते. पाचवी व्हरांड्यात बसते. "हिरवं कापड इथं वरून लावू या," त्या म्हणाल्या. "मांडवासारखं. झाकून जाईल सगळं."

झाकून जाईल. तो शब्द कानात गेला आणि माझा हात बादलीच्या कडीवरच राहिला.

आधीही एकदा असंच झाकलं होतं. मी तेव्हा चौथीत होते. पावसानं दगा दिल्याचं तिसरं वर्ष. हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्या भेगांवरून आम्ही उड्या मारत पलीकडं जायचो आणि चिखलात वाळून कडक झालेले खेकडे वेचून आणायचो. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिच्या लुगड्याला दगडाच्या भुकटीचा वास असायचा, जरासा ठिणगीसारखा. विहिरीच्या तळाशी एक झरा होता, त्यात वाटी टेकवून बसायचं, वाटी भरली की घागरीत ओतायची. एक घागर भरेपर्यंत माझ्या पाढ्यांची उजळणी व्हायची. मला पाढे पक्के येतात ते शाळेमुळं नाही, त्या विहिरीमुळं.

शाळेला ही एकच दगडी खोली. पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. तीत हात घातला की कोपरापर्यंत बाहेर जायचा आणि बाहेरून एखादं कोकरू तो चाटायचं. चौथी बिरोबाच्या देवळाच्या ओट्यावर बसायची. गुरुजी दुसऱ्या खोलीसाठी वर्षानुवर्षं अर्ज लिहीत होते. शेवटी निरोप आला: तालुक्याहून समिती येणार, वाडी बघणार, मोठं गाव बघणार, आणि एक खोली कुणाला तरी देणार.

गुरुजींनी देवळासमोर सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "काही करू नका. जशी आहे तशी राहू द्या. मी साहेबांचा हात धरून भेगेत घालतो."

म्हातारी माणसं हसली. आमचे आजोबा, म्हणजे आबा, तर टोपी काढून डोकं खाजवत हसले. "गुर्जी, सोयरीक जुळवायला आल्याल्या पाव्हण्याला कुणी घरातलं पडकं दावतं व्हय?"

मग काय, वाडीनं शाळा दाखवायची तयारी मुलगी दाखवायच्या तयारीसारखी केली. बायांनी आंघोळी सोडल्या आणि वाचलेल्या पाण्यानं अंगणात शेणसडा घातला. भेगेत चिखल भरून वरून पांढरी माती फासली आणि त्यावर आबांची नवी काळी घोंगडी टांगली. जमिनीतले खड्डे झाकायला घरोघरच्या घोंगड्या अंथरल्या, लग्नासाठी जपून ठेवलेल्यासुद्धा. खोलीत त्या दिवशी खळीचा वास इतका होता की शिंका येत होत्या.

आणि आदल्या दिवशी मोठ्या गावाहून दोन बैलगाड्या आल्या. गाड्यांत बाकं. लाकडी, चकचकीत, आम्ही असली कधी बघितली नव्हती.

"पाटलांनी धाडलीत," गाडीवान म्हणाला. "पाहणीपुरती वापरा."

आबांना गहिवरून आलं. "बघा, शेजारधर्म म्हणत्यात तो ह्यो."

माय चुलीपुढं होती. तिनं मागं वळून न बघताच विचारलं, "का धाडली?"

"का म्हंजी? शेजारी हाईत."

"मंग इतकी वर्सं शेजारी नव्हते व्हय ते?"

मायचा हा स्वभाव माझ्यात उतरलाय. कुणी काही फुकट दिलं की ती ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघायची. बाजारातली बाई मूठभर मिरच्या जास्त घालू लागली तर माय मिरच्या परत ठेवून वजन तपासायची.

मी तेव्हा बोलले होते. पाण्याला जाताना मोठ्या गावच्या शाळेच्या भिंतीला लागून घडीव दगडांचा ढीग पडलेला मी पाहिला होता, ताजा. मी आबांना सांगितलं, "आबा, तिकडं शाळंपाशी दगडं येऊन पडलीत. खोली त्यांनाच मिळाली वाटतं आधीच."

"गप. पाव्हणे यायच्या येळंला असलं तोंडातून काढू नये."

माय माझ्याकडं बघत राहिली.

पाहुणे जीपमधून आले. एक टोपीवाला, एक इंजिनिअर आणि एक नुसताच जेवायला आलेला. त्यांच्या हातावर घागरीनं पाणी घातलं. ते पाणी कोपरावरून ओघळून मातीत जिरत होतं आणि वाडीतल्या सगळ्या बाया त्या ओल्या मातीकडं बघत होत्या. बोकड कापला होता. जेवणं झाल्यावर ते शाळेत आले. आम्ही बाकांवर बसलो होतो. पाय लोंबकळत होते, कुणाचेच जमिनीला टेकत नव्हते, आणि सवय नसल्यानं एकजण उठताना बाकासकट कलंडला. इंजिनिअर दमला होता. तो भिंतीला पाठ लावून बसला, बरोबर त्या घोंगडीला. भेग त्याच्या पाठीमागंच होती.

"वा!" तो म्हणाला. "वाडी असून शाळा झकास ठेवलीय. तुम्हाला तर कशाचीच कमी नाही!"

वाडी खूश झाली. लोकांनी हात जोडले, आबांनी तर वाकून नमस्कार केला. गुरुजी तेवढे घोंगडीकडं बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी बैलगाड्या येऊन बाकं घेऊन गेल्या. पाऊस पडून गेल्यावर मोठ्या गावच्या शाळेला लागून दगडी इमारत उभी राहिली, वर लाल पत्रा. लांबून ती दिसायची. आमच्यात तिला 'आपली खोली' म्हणायचे, शिवी दिल्यासारखं. वाडीनं मोठ्या गावच्या जत्रेला जाणं सोडलं. त्या गावात पोरी देणं सोडलं. आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग काही आला नाही. मी मेंढरांमागं गोदावरीच्या काठाला गेले, तिथून पुढं लग्न होऊन गंगापूरला. दहावी केली ती खूप नंतर, बाहेरून, दोन लेकरं झाल्यावर. वाडीत परत आले तोवर मेंढरं गेली होती, घोंगडी गेली होती, आणि जेलचा टोला ट्रकांच्या आवाजात बुडून गेला होता.

"आक्का, कापड धरता का जरा?" शेख मॅडम स्टुलावर चढल्या होत्या.

मी धरलं नाही. "मॅडम, खाली उतरा. हे लावायचं नाही."

"का?"

"झाकलं तर कळणार कसं त्यांना?"

त्या उतरल्या. चिडल्या नाहीत, पण आवाज चढला. "आक्का, तुमचं बरोबर असेल. पण शाळा गबाळी दिसली तर मेमो मला येतो. तुम्हाला नाही येत. माझी सहा वर्षं राहिलीत नोकरीची. या अल्लाह, मी कुणाकुणाला उत्तरं देत बसू?"

"गबाळी नाही दिसणार. सकाळपासून घासतेय ना मी? घाण आणि कमतरता एक नाही, मॅडम. घाण आपली. ती काढू. कमतरता त्यांची. ती दिसू दे."

त्यांनी कापड स्टुलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि नाना चांगल्या मनानं देत असले तर?"

"असू दे. चांगल्या मनानं खोली द्यायला सांगा. खुर्च्या कशाला?"

आमचं तसंच अर्धवट राहिलं. खुर्च्या उतरवून झाल्या होत्या. टेम्पोवाला पावती न देता निघून गेला. मी खुर्चीची पाठ उलटी करून बघितली. मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण मला नाना ठाऊक होता, त्याचं गाव ठाऊक होतं, त्याचा बापही ठाऊक होता. तोच डाव, तीच चाल. बैलगाडीच्या जागी टेम्पो, एवढंच. आमच्या शाळेला नटवायचं आणि खोल्या आपल्या गावाला न्यायच्या.

दुपारी उघडलेली गिरणी ऊन उतरल्यावर बंद केली आणि सडक ओलांडून मोठ्या गावात गेले. ओलांडायला किती वेळ लागतो ते मुद्दाम बघितलं. मलाच दोनदा अर्ध्यातून मागं यावं लागलं. ईश्वरीचं काय होईल ते काही मला वेगळं सांगायला नको.

मोठ्या गावच्या शाळेत मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. आबांनी टाकलं नाही, म्हणून आम्हीही नाही. फाटकातून आत गेले तर एक बाई पोत्यावर बसून फरशी घासत होती. ही सुलोचना, तिथल्या शाळा-समितीतली. बाजारात तोंडओळख होती, बोलणं कधी नव्हतं. तिच्या मागं व्हरांड्यात लाल खुर्च्यांची चळत. पांढरे झगे. हिरवं कापड. पाण्याचे जार.

मी सरळ जाऊन एक खुर्ची उलटी केली. तेच नाव.

"काय बघतीस?" सुलोचनानं कपाळावरचा घाम पुसत विचारलं.

"नानानं धाडल्या?"

"व्हय. दुपारी. टेम्पोवाला म्हणला, वाडीवाल्यांनी लई सजवलीय शाळा, तुमची उजळ दिसली पायजे."

"आम्हाला म्हणला, तुम्ही सजवलीय."

ती उठून उभी राहिली. तिची शाळाही मी तेव्हा नीट पाहिली. दोन वर्गांत चार इयत्ता, एका खोलीला दारच नाही, मुतारीची भिंत पडलेली. हिरवं कापड त्या पडक्या भिंतीवर आधीच लागलं होतं.

"तुमच्याकडं तर तेव्हाच खोली मिळाली होती ना?" मी विचारलं. आवाजात चाळीस वर्षांची खार होती, ती मला लपवता आली नाही. "दगडी. लाल पत्र्याची. मी चौथीत होते तेव्हा."

"मी बी चौथीतच व्हते की तवा," सुलोचना म्हणाली. "कुठली खोली?"

"ती काय." मी भिंतीपलीकडं बोट दाखवलं.

सुलोचना हसायलाच लागली. हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, ते खताचं गोदाम! सोसायटीचं. युरियाच्या वासानं आमची डोकी चढायची. आम्ही तर सातवीपर्यंत व्हरांड्यातच बसलो. आता नानाचं ऑफिस हाय तिथं."

"आणि ती बाकं?"

"कोणती?"

"तुमच्या शाळेतली. लाकडी. पाटलांनी आम्हाला पाहणीला धाडलेली."

"आमची कुठली आली? आमची पाहणी तुमच्यानंतर झाली, तवा ती आमच्याकडं बी पाहणीपुरतीच आली व्हती. पाहणी झाली, गेली. आम्ही म्हणायचो, वाडीला दिली. वाडीवाल्यांनी खोली बी नेली आन् बाकं बी नेली." ती जरा थांबली. "म्हणून तर आमच्यात तुमच्या पोरी करत नव्हते."

मी पायरीवर बसले. मला पाणी हवं होतं, पण जारला हात लावावासा वाटला नाही. इतकी वर्षं मी ज्या खोलीचा राग धरला, ती खोलीच नव्हती. गुरुजी, आबा, माय, सगळे त्या लाल पत्र्याकडं बघून चरफडले आणि पत्र्याखाली युरिया. त्या वर्षीचा पैसा कुठं गेला ते मला आजही ठाऊक नाही. कुठं गेला नाही तेवढं कळलं. दोन्ही शाळा झकास, दोघींना कशाची कमी नाही, असं एकदा लिहिलं गेलं की मग देणाराही मोकळा आणि घेणारा तिसराच कुणी. नानाच्या मनात काय आहे, हे मी सांगू शकत नाही. कदाचित त्याला दोन्हीकडची मतं हवी असतील, बाकी काही नसेलही. पण मायनं विचारला असता तोच प्रश्न माझ्यापुढं होता, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

"सुलोचना, एक ऐकशील?"

"सांग."

"उद्या हे सगळं बाहेर ठेव. खुर्च्या, कापड, पाणी, सगळं. रोज असतं तसं राहू दे. आम्ही पण तसंच करतो. खोल्या तुम्हाला मिळाल्या तर मिळाल्या. पण दोघींना कमी आहे हे त्यांच्या डोळ्यांनी बघू दे."

"लाज वाटंल गं. साहेब लोक येणार, आन् बसायला खुर्ची सुदीक नाय?"

"वाटू दे."

"आमचे मुख्याध्यापक ऐकायचे नाईत."

"आमच्या मॅडम पण ऐकत नाहीत. तू सकाळी लवकर ये, म्हणजे झालं."

ती काथ्या उचलून पुन्हा घासायला लागली. मी निघाले. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला असं नाही. सडकेच्या कडेला उभी राहून मी विचार केला, मी एकटीनंच खुर्च्या काढल्या आणि तिनं ठेवल्या तर? मग आमची शाळा गरीब दिसेल, त्यांची श्रीमंत, आणि खोल्या आम्हाला मिळतील. हा विचार मला आवडला. आवडला म्हणून जास्तच संशय आला, या खेपेला माझाच.

२० मार्च. सकाळी उठून भाकरी टाकल्या, ईश्वरीची वेणी घातली आणि शाळेत गेले. गल्लीतल्या बायांना बोलावलं. एकीनं नाक मुरडलं, बाकीच्यांनी हात लावला. खुर्च्या, झगे, गालिचा, कापड आणि जार, सगळं रिक्षाटेम्पोत भरून नानाच्या ऑफिसला परत धाडलं. रिक्षाटेम्पोवाला पोरगा परत येऊन म्हणाला, "आक्का, तिथं तर आधीच एक चळत लावलेली आहे खुर्च्यांची. झग्यांसकट." सुलोचना लवकर उठली होती.

शेख मॅडम एस्टीतून उतरून आल्या. रिकामा व्हरांडा बघितला, पर्स टेबलावर ठेवली.

"मेमो आला तर उत्तर तुम्ही लिहायचं," त्या म्हणाल्या.

"लिहीन."

"शुद्धलेखन मी बघेन." आणि त्यांनी पाचवीला व्हरांड्यात बसवलं, रोज बसते तसं, जमिनीवर.

समिती अकराला आली. दोन गाड्या, एक बाई, तीन पुरुष. ऊन रखरखत होतं. मुख्य साहेब उतरले, इकडं तिकडं बघितलं, रुमालानं मान पुसली आणि बसायला काही दिसेना म्हणून उभेच राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

माझं घर समोरच होतं. माठ भरलेला होता, वर वाळ्याची पुरचुंडी टाकलेली. आमच्यात दारी आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. विहिरीत वाटी टेकवून बसायच्या दिवसांतसुद्धा म्हटलं नव्हतं. मागं बाया उभ्या होत्या. एकीचे पाय घराकडं वळलेही होते. मी तिचा हात धरला.

"शाळेत पाणी नाही, साहेब," मी म्हणाले. "पोरं घरून आणतात."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. ते हसले, मग थांबले. कुणी हललं नाही. व्हरांड्यातली पाचवी पुस्तकातून मान वर करून आमच्याकडं बघत होती. साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली, रुमाल खिशात घातला.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांना पुढं होऊ दिलं.